यंत्राची प्रकृती उत्तम आहे

जे मोजलं जातं तेच सुधारतं, आणि जे मोजलं जात नाही ते मुळात नसतंच, हे विज्ञानयुगाचं पहिलं तत्त्व आहे. आमच्या गावाने हे तत्त्व इतक्या मनोभावे पाळलं की आज सगळ्या गावांत आमची हवा पहिल्या क्रमांकाची आहे. ती श्वासात घ्यायचा प्रसंग सोडला, तर तिच्याविषयी कोणाची काहीही तक्रार नाही.

रोज कोणाविषयी तरी चार चांगले शब्द बोलायचे, असा माझा नेम आहे. आजचा दिवस हवा सुधार समितीचा.

यंत्र येण्यापूर्वीही आमच्या गावात हवा होती, पण ती अगदीच अडाणी होती. चौकामागे जुने टायर वितळवण्याचा कारखाना आहे. त्याच्यावर अर्धं गाव जेवतं आणि त्याचा धूर सगळं गाव खातं. (समतेच्या दृष्टीने हे मला नेहमीच बरं वाटत आलं आहे.) लोक खोकायचे, पण त्या खोकल्याला कसलाही शास्त्रीय आधार नव्हता. दोरीवर वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळी करडी होऊन घरात यायची, आणि आम्ही साबणवाल्याला नावं ठेवायचो.

मग वरून यंत्र आलं. चौकातल्या खांबावर एक पत्र्याची पेटी आणि तिच्याखाली दिव्यांचा फलक. फलकावर पहिल्याच सकाळी लाल आकडा उमटला आणि त्याच्याखाली एकच शब्द, 'घातक'. जे लोक जन्मभर तो धूर नाकाने ओढत होते, ते आकडा वाचून मटकन खाली बसले.

तातडीने समिती नेमली गेली. समितीने जुनी कागदपत्रं धुंडाळली आणि एक विलक्षण गोष्ट उजेडात आणली. यंत्र येण्याआधी गावाच्या संपूर्ण इतिहासात हवा खराब असल्याची एकही नोंद नव्हती. यंत्र आलं आणि नोंद झाली. कारण आणि परिणाम इतके खांद्याला खांदा लावून उभे असलेले विज्ञानात क्वचितच सापडतात. काही उतावळे लोक म्हणाले, काढून टाका ती पेटी. पण समितीचे अध्यक्ष थोर मनाचे. (ते त्याच कारखान्याला टायर पुरवतात, त्यामुळे हवेचा त्यांचा अभ्यास दांडगा आहे.) ते म्हणाले, "अहो, यंत्राचा काय दोष? दिवसभर त्या धुरात उभं राहिल्यावर तुमचं-माझं तरी डोकं ठिकाणावर राहील का?"

हे ऐकताना चौकात दिवसभर उभा राहणारा वाहतूक पोलीस डोळे पुसत होता. (धुरामुळे. पण वेळ छान जुळून आली.)

तेव्हा ठरलं की आधी यंत्राची प्रकृती सुधारायची. फलक चौकातच ठेवून पेटी तेवढी खांबावरून उतरवली आणि नगर कार्यालयामागच्या बागेत नेली. आकडा लालवरून नारिंगी झाला. सगळ्यांना हुरूप आला. बागेतही वारा उलटा फिरला की यंत्राला त्रास व्हायचा, म्हणून त्याला कार्यालयातली एक खोली दिली. खिडकी उघडी राहायची, ती बंद केली. फटींतून हवा यायची, त्या बुजवल्या. मग आत हवा गाळणारं मशीन बसवलं, एसी लावला, कोपऱ्यांत कुंड्या ठेवल्या, दाराबाहेर चपला काढायचा नियम केला, आणि राखणदार नेमला. राखणदार विडी ओढायचा, ती त्याने सोडली. स्वतःच्या बायकोसाठी जे त्याने केलं नव्हतं, ते विज्ञानासाठी केलं.

आणि एके सकाळी चौकातल्या फलकावर हिरवा आकडा आला. खाली शब्द, 'उत्तम'.

गाव नाचायचंच बाकी होतं. धूर पूर्वीइतकाच येत होता, पण आता तो उत्तम हवेतला धूर होता. वरून बक्षीस आलं, बक्षिसाची मोठी ढाल आली, ती यंत्राच्या खोलीबाहेर काचेत ठेवली. आजूबाजूच्या गावांची शिष्टमंडळं अभ्यासाला आली. त्यांनी तोंडाला रुमाल लावून आमच्या हवेची तोंडभरून स्तुती केली.

एवढं झाल्यावर सार्वजनिक आरोग्याची घडी बसवणं ओघानेच आलं. हवा उत्तम असल्यामुळे कोणाला हवेमुळे खोकला येणं आता शक्यच नव्हतं. म्हणून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना नवी वर्गवारी देण्यात आली: स्वभावाने येणारा खोकला, हट्टाने येणारा खोकला, दुसऱ्याचं पाहून येणारा खोकला, आणि वयोमानाने येणारा खोकला. (मुलांचा खोकला कशात घालायचा हे ठरेना, तेव्हा तो अभ्यास टाळण्याच्या सदरात गेला.) समितीच्या पाहणीत असंही आढळलं की खोकणाऱ्यांपैकी शंभर टक्के लोक श्वास घेत होते. दोष कोणाचा आहे हे यावरून स्पष्टच झालं.

आता आमच्या घरातलं सांगते. माझ्या सासूबाईंचा खोकला कोणत्याच वर्गात नीट बसेना. त्यांना आडवं झोपता येत नव्हतं. उशांचा डोंगर करून त्या बसल्या बसल्या डुलक्या काढायच्या, आणि छातीतून जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज यायचा. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आधी दार लोटून घेतलं, आणि हळूच म्हणाल्या, "औषधं देते, पण खरं औषध एकच. यांना चांगल्या हवेत ठेवा. असंच चाललं तर मला काही खरं वाटत नाही."

"पण आपली हवा तर उत्तम आहे ना?" हे म्हणाले. हे, म्हणजे माझे यजमान, त्याच कारखान्यात पाळीचे हिशेबनीस आहेत, आणि आकड्यांवर त्यांची श्रद्धा आहे.

"हो ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग त्या उत्तम हवेत ठेवा."

ती कुठे असते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आम्ही सासूबाईंना घेऊन समितीपुढे गेलो आणि विनंती केली की दिवसाचे काही तास तरी त्यांना यंत्राच्या खोलीत बसू द्यावं.

अध्यक्षांचा चेहरा खरोखर दुःखी झाला. "काकू, माझं काही नाही हो. पण त्या खोलीत यंत्राशिवाय कोणी बसायचं नाही, असा नियम आहे. तुम्ही आत श्वास सोडणार, आकडा वर जाणार. तुमच्या एकटीसाठी सगळ्या गावाची हवा बिघडवायची का?"

ह्यांनी मान खाली घातली. सासूबाईंनी मात्र दम लागत लागत विचारलं, "यंत्रच बसू शकतं ना? मग मला यंत्र समजा. घरात काय वेगळं समजतात?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. पण समितीतला एक सदस्य वकील होता, त्याला हा मुद्दा कायदेशीर वाटला. नियमावली उघडली गेली. उपकरण म्हणजे काय, तर हवेतला बदल ज्याला कळतो, कळल्यावर जे आवाजाने किंवा दिव्याने इशारा देतं, आणि जे पगार मागत नाही. सासूबाई तिन्हीत बसल्या. चौथी अट होती की उपकरणाने स्वतःचं मत देऊ नये. तिथे जरा घोळ झाला, पण त्यांनी प्रयत्न करायचं कबूल केलं. बैठकीत ठराव झाला, आणि माझ्या सासूबाई 'सहायक उपकरण' म्हणून रुजू झाल्या. त्यांच्या पाठीवर चिकटवायला लाल अक्षरांची पट्टीही आली: 'नाजूक. हाताळू नये.' त्यांना ती फार आवडली. घरातल्या कोणी इतक्या वर्षांत एवढं लक्षात घेतलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. (मला ऐकू जाईल अशा बेताने.)

त्या खोलीत त्यांनी पहिला श्वास घेतला तो मी दाराच्या काचेतून पाहिला. त्या थांबल्या, इकडेतिकडे बघितलं, न मागता कोणीतरी हातात काही ठेवावं तसा चेहरा झाला, आणि मग त्या खुर्चीतच मान टाकून गाढ झोपल्या. आवाज नाही, बिजागरी नाही. राखणदार धावत माझ्याजवळ आला. "वहिनी, आजी गेल्या की काय?"

"नाही हो. श्वास घेताहेत."

"असा असतो होय," तो म्हणाला, आणि बराच वेळ बघत उभा राहिला.

हळूहळू त्यांच्या गालांवर रंग आला. घरून पाठवलेला डबा संपायला लागला. त्या कुंड्यांना पाणी घालायच्या, एसीशी भांडायच्या, आणि राखणदाराला संसाराचे सल्ले द्यायच्या. (मताची अट इथेच मोडली, पण तो तक्रार करत नव्हता.) कधी त्या जोराने हसल्या की तो दारातून दबक्या आवाजात म्हणायचा, "आजी, जरा बेताने, आकडा हलतोय." मग त्या तोंडावर हात धरून हसायच्या.

अशा सुखाला दृष्ट लागते ती वरून. वरून निरीक्षक आले. माणूस प्रामाणिक होता. (असे लोक कुठे कुठे शिल्लक आहेत, हे समितीला आधी कळवायला हवं होतं.) त्यांनी विचारलं, या खोलीत उपकरणं दोन दिसतात. एकाचं प्रमाणपत्र आहे. दुसऱ्याची चाचणी केव्हा झाली?

झाली नव्हती. नियमाप्रमाणे उपकरणाची चाचणी उघड्या हवेत होते. तेव्हा सासूबाईंना खुर्चीसकट उचलून चौकात नेलं, जिथे पहिल्यांदा खांबावर पेटी होती तिथेच. सगळं गाव गोळा झालं. डोक्यावर फलक हिरवागार चमकत होता, 'उत्तम'. त्याच्या मागे कारखान्याची चिमणी आपलं काम करत होती.

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "सूनबाई, मी खोकले तर काय होईल गं?"

मी काही बोलायच्या आत त्या खोकल्या. वाकून, खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकल्या. निरीक्षक समाधानाने म्हणाले, "हे उपकरण फारच सुरेख चालतंय."

आणि इथेच सगळा घोटाळा झाला. एकाच गावच्या हवेबद्दल एक उपकरण उत्तम म्हणत होतं आणि दुसरं जीव तोडून नाही म्हणत होतं. दोन्ही बरोबर असू शकत नव्हती. नियम सांगतो की अशा वेळी एक सदोष समजावं. निरीक्षकांनी अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्षांनी वकिलाकडे, आणि वकिलाने काचेतल्या ढालीच्या दिशेने.

"तिसरा पुरावा हवा," निरीक्षक म्हणाले. "इथे इतके लोक उभे आहेत. आणखी कोणाला खोकला येतोय का?"

आमच्या गावाची एकजूट मी त्या दिवशी पाहिली. अर्धं गाव कारखान्यात कामाला, उरलेल्या अर्ध्याला बक्षिसाचा अभिमान. आम्ही सगळ्यांनी तोंडं मिटली. गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळे लाल झाले, शाळेचे मुख्याध्यापक जांभळे पडले, वाहतूक पोलिसाने शिट्टी दातांत गच्च धरली. ह्यांच्या खांद्यांना आतल्या आत हिसके बसत होते, पण तोंडातून चकार शब्द नाही. साऱ्या चौकात एकट्या सासूबाई खोकत होत्या. त्यांनी मान वर करून आपल्या मुलाकडे बघितलं. त्याने फलकाकडे बघितलं.

"दोष उपकरणात आहे," निरीक्षकांनी लिहिलं. त्यांचेही डोळे पाणावले होते, आणि लिहिताना त्यांनी नाकावर रुमाल धरला होता. पण त्यांचा तरी काय दोष? खोकणारा माणूस एक होता आणि न खोकणारं गाव होतं. विज्ञान बहुमताने चालत नाही असं म्हणतात, पण ज्यांना कुठे ना कुठे नोकरी करायची असते ते असं म्हणत नाहीत.

सासूबाईंची पाठीवरची पट्टी काढून घेतली गेली आणि त्यांना दुरुस्तीसाठी घरी पाठवण्यात आलं. त्या खोलीत आता त्यांना प्रवेश नाही, कारण बिघडलेलं उपकरण चांगल्या उपकरणाजवळ ठेवायचं नसतं. डॉक्टरीणबाई येतात, छातीला नळी लावतात, आणि बाहेर जाताना माझ्याकडे बघायचं टाळतात. उशांचा डोंगर पुन्हा रचला आहे. या खेपेला तो अधिक उंच लागतो.

रोज सकाळी हे मोबाइलवर आकडा बघतात आणि आईच्या उशाशी जाऊन सांगतात, "आई, आज पण उत्तम आहे गं."

"असेल रे बाबा," त्या म्हणतात. एवढं बोलायलाही त्यांना दोनदा थांबावं लागतं. "मग मीच चुकीचा श्वास घेत असेन."

हे वाचून तुम्हाला आमच्या गावाचा राग आला असेल. मुलाचा जास्तच. आमच्याकडे असं नाही चालत, असंही तुम्ही मनात म्हणाला असाल, आणि ते खरंच असणार. तुमच्या मोबाइलवरही सकाळी हवेचा आकडा येतो, तुम्ही तो बघता, हिरवा असला तर मुलांना खेळायला सोडता, आणि घशात काही खवखवलं तर रात्रीच्या जेवणाला दोष देता. ठीकच आहे. फक्त तो आकडा जिथून येतो ते यंत्र कुठे ठेवलंय, हे एकदा सांगा. गल्ली नाही, इमारत नाही, नुसती दिशा दाखवली तरी चालेल.

नाही ना येत सांगता? आम्हाला येतं. आम्ही तुमच्याइतके भाबडे नाही.