सतरा वेळा खांब

सोमवारी सकाळी चष्म्याच्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी बाबांनी पेपरचं शेवटचं पान उघडलं, वाचलं, चष्मा काढून काचा पुसल्या आणि पुन्हा वाचलं. मजकूर तोच होता.

"'बचाव नव्हे, पाहुणचार'," त्यांनी मथळा मोठ्यानं वाचला. "आणि पुढे ऐका. 'आपल्या बचावफळीने पाहुण्या संघाला तीनदा थेट गोलपर्यंत पोचवलं. चहा विचारायचा तेवढा राहिला.' ही काय बातमी झाली?"

आई मागच्या खोलीत काचा घासत होती. मशीन बंद करून ती म्हणाली, "मग तीन गोल झाले नाहीत का?"

"झाले. पण कसे झाले ते बघ ना. एक वाऱ्यामुळे, एक गोलकीपरच्या डोळ्यांत ऊन गेल्यामुळे, आणि तिसऱ्या वेळी रेफरी वाटेत उभा होता. आपले मात्र दोन चेंडू खांबाला लागून बाहेर गेले, त्याचं एक अक्षर नाही. काय गं रेडिओ, दोनच ना?"

"हो," रेडिओ म्हणाली आणि दप्तरात नसलेली वही शोधू लागली.

रेडिओ म्हणजे त्यांची मुलगी, यंदा दहावीत. हे नाव तिला मैदानावर पडलं होतं आणि त्याला कारण बाबाच होते. नऊ वर्षांपूर्वी क्लब एकदाच कपाच्या उपांत्य फेरीत पोचला होता. शेवटची पेनल्टी. बाबांनी खेळाडूच्या उजव्या बुटाकडे टक लावून पाहिलं, आणि चेंडू गोलवरून, भिंतीवरून, पलीकडच्या घराच्या पाण्याच्या टाकीत गेला. तेव्हापासून बाबांची खात्री पटली होती की क्लबला त्यांची नजर लागते. चेंडू कुठल्याही गोलजवळ गेला की ते डोळे घट्ट मिटत. साऱ्या गल्लीला नीट दिसावं म्हणून धडपडणारा हा माणूस नऊ वर्षं फुटबॉलचा फक्त मधला भाग बघत आला होता, आणि मधल्या भागात आपला क्लब अजिबात वाईट नव्हता.

दोन्ही टोकांचं रेडिओ सांगायची.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. समोरून चेंडू येत होता आणि आपला गोलकीपर वाकून बुटाची नाडी बांधत होता. चेंडू त्याच्या पाठीवरून आत गेला. "काय झालं?" बाबांनी विचारलं. मिटलेल्या डोळ्यांभोवती इतक्या सुरकुत्या पडल्या होत्या की तिला खरं सांगवेना. "वारा आला," ती म्हणाली. सुरकुत्या थोड्या सैल झाल्या. मग आपल्या एका खेळाडूनं चेंडू सायकल स्टँडमध्ये मारला, तेव्हा ती म्हणाली, "खांबाला लागला." बाबा चक्क हसले. एकदा चटक लागली की लागली. ती कधी गोलांची संख्या बदलायची नाही, कारण ती फळ्यावर दिसायचीच. फक्त कारणं बदलायची. बाबा कधी विचारत, "खांबाचा आवाज कसा नाही आला?" तेव्हा ती म्हणायची, "वारा तिकडचा होता." तिच्या सामन्यांत वाऱ्याला बरंच काम पडे.

दुपारपर्यंत दुकानात पोस्टमन काका आणि बेकरीवाले काका येऊन बसले. दोघांनीही सामना उघड्या डोळ्यांनी पाहिला होता. पण चाहत्याचे डोळे आणि चाहत्याची आठवण यांचं फारसं पटत नाही. शिवाय दोघं रेडिओच्या शेजारी बसायचे आणि सोमवार उजाडेपर्यंत तिनं सांगितलेलंच त्यांच्या लक्षात राहायचं. ते जास्त चांगलं असायचं.

"डॉक्टर, पत्र लिहा," बेकरीवाले म्हणाले. बाबा डॉक्टर नव्हते. पण त्यांनी ही चूक कधी दुरुस्त केली नव्हती.

बाबांनी गल्ल्याखालून एक वही काढली. रेडिओला त्या वहीची गंधवार्ता नव्हती. प्रत्येक सामन्यानंतर तिनं सांगितलेलं सगळं त्यांनी तारीखवार उतरवून ठेवलं होतं. पानं उलटत, बोटांवर मोजत त्यांनी हिशेब केला.

"या हंगामात आपले चेंडू सतरा वेळा खांबाला लागलेत. सतरा! आणि या वार्ताहराला एकदाही दिसलं नाही."

"सतरा म्हणजे जरा जास्तच," पोस्टमन काका म्हणाले. "दुर्दैव म्हणतात ते हेच."

"बाबा, जाऊ द्या ना," रेडिओ म्हणाली. "पेपरवाले काय, लिहितातच."

"नाही बाळा. खोटं छापून येत असेल तर गप्प बसायचं नसतं. तूच बघितलंस ना सगळं?"

आई आतून म्हणाली, "डोळे मिटून सामना बघायचा आणि डोळे फाडून पेपर वाचायचा. चालू द्या." मशीन पुन्हा सुरू झालं.

पत्र झकास उतरलं. शेवटची ओळ बाबांना स्वतःलाच इतकी आवडली की त्यांनी ती तीनदा वाचून दाखवली: 'आपल्या वार्ताहराने सामना पाहिला तरी होता का? त्यांचे डोळे आमच्या दुकानात मोफत तपासून मिळतील.' खाली एकवीस सह्या. रेडिओनं मनात ठरवलं होतं की पत्र पेटीत टाकायचं काम आपण घ्यायचं आणि ते विसरून जायचं. पण पोस्टमन काका म्हणाले, "पेटीत कशाला? मी जातोच आहे त्या बाजूला," आणि पत्र हातोहात पोचलं.

गुरुवारी ते छापून आलं. बाबांनी कात्रण दुकानाच्या काचेवर आतून चिकटवलं. शुक्रवारी संध्याकाळी दुकानात चष्मा न लागणारेच आठ-दहा जण गप्पा मारत उभे असताना दारात एक बाई आल्या. हातात थर्मास होता.

"ते मोफत डोळे तपासणं इथंच ना?" त्यांनी विचारलं. "मी ती वार्ताहर."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. वार्ताहर म्हणजे कुणीतरी दाढीवाला, चिडका, सिगरेट ओढणारा गडी असणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. रेडिओ मात्र वेगळ्याच कारणानं दचकली. हा थर्मास ती ओळखत होती. दर रविवारी तो त्यांच्या बरोबर मागच्या रांगेत असायचा.

बाबांनी घसा साफ केला आणि बाईंना खुर्चीत बसवलं. समोर अक्षरांचा तक्ता. बाईंनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, सातवी वाचली, मग तक्त्याच्या अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

"दुसरा डोळा," बाबा म्हणाले.

दुसऱ्या डोळ्यानं त्यांनी छापखान्याचा फोन नंबर वाचला.

"दृष्टी चांगली आहे," बाबांनी कबूल केलं. ते धंद्यात कधी खोटं बोलत नसत.

"बरं झालं. आता निरोप. मी या रविवारी बहिणीकडे जातेय. संपादक म्हणतात, सामन्याची बातमी तुम्हीच लिहा. तीनशे शब्द, संध्याकाळी सहापर्यंत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांची छाती फुगली. त्या गडबडीत बाई रेडिओपाशी वाकल्या. "मी तुझं दर रविवारी ऐकते हं. माझ्यापेक्षा छान सांगतेस. फक्त मला ते छापता येत नाही."

त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "परवा डोळे उघडे ठेवायचे. वार्ताहराला मिटून कसं चालेल?"

"पण नजर लागेल ना, बाबा."

"लागली तर लागली. कर्तव्य आहे."

शनिवार रेडिओनं वाईट काढला. बाबांनी गोल बघितले की वही खोटी ठरणार, पत्र खोटं ठरणार, आणि मग रविवारी तिला शेजारी बसवून 'काय झालं?' असं कोण विचारणार? आठवड्यातले तेवढेच दोन तास ते दोघं दुकान, अभ्यास, आई या सगळ्यांपासून लांब असायचे. दुकानाच्या कपाटात डोळ्यांतली बाहुली मोठी करायच्या थेंबांची बाटली होती. दोन थेंब घातले की चार तास समोरचं धूसर. तिनं बाटली हातात घेतली, लेबल वाचलं आणि स्वतःची लाज वाटून परत ठेवली. मग ती थेट बाबांकडे गेली.

"बाबा, मला एक सांगायचंय."

"सोमवारी सांग. मी सराव करतोय." ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पापणी न हलवता बघत बसले होते.

रविवारी ते वही, तीन पेन्सिली आणि नवीन शर्ट घेऊन मैदानावर गेले. अकराव्या मिनिटाला चेंडू आपल्या गोलकडे वळला. बाबांच्या पापण्या सवयीनं खाली आल्या. त्यांनी दोन बोटांनी त्या वर धरल्या.

"तो काय करतोय?"

"नाडी बांधतोय."

"चेंडू येतोय की."

"हो."

चेंडू आत गेला. बाबांनी बोटं काढली नाहीत. "नेहमी बांधतो?"

रेडिओनं बुटांकडे पाहिलं. तिच्याही नाड्या सुटल्या होत्या. "नेहमी," ती म्हणाली.

त्यानंतर बाबांनी काही विचारलं नाही. त्यांनी बघितलं. आपला डावा बचावपटू चेंडू सोडून प्रेक्षकांतल्या सासूबाईंना हात करत होता. आपला सगळ्यात महागडा स्ट्रायकर मोकळ्या गोलसमोर उभा राहिला, त्यानं नीट नेम धरला आणि चेंडू सायकल स्टँडमध्ये मारला. सायकलींची एक रांग आडवी झाली. वारा पानही हलवत नव्हता. चार-शून्य.

सामना संपल्यावर बाबा उठून मैदानात उतरले. ते सरळ समोरच्या गोलपाशी गेले आणि खांबासमोर उभे राहिले. मागोमाग रेडिओ. हंगामाच्या सुरुवातीला दिलेला पांढरा रंग होता, त्यावर बाबांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग दुसरा खांब. मग मैदान ओलांडून पलीकडचे दोन. कुठं डाग नाही, ओरखडा नाही, चिखलाचा ठिपका नाही.

"सतरा वेळा," बाबा म्हणाले.

"एकदाही नाही," रेडिओ म्हणाली. मग नाडी, सायकल स्टँड, ऊन, वारा, सगळं एका दमात सांगून टाकलं. "तुमच्या डोळ्यांजवळ त्या सुरकुत्या पडायच्या ना, म्हणून."

घरी जाताना बाबा तिच्या दोन पावलं पुढे चालत होते. एरवी ते बरोबर चालत.

त्यांनी बातमी सहाला पाच कमी असताना दिली. सोमवारी ती जशीच्या तशी आली. मथळा होता, 'नाडी आधी, चेंडू नंतर'. पाहुणचारवाली बातमी त्यापुढे शुभेच्छापत्र वाटावी.

नऊ वाजता पोस्टमन काका पेपर घडी करून आत आले, बरोबर बेकरीवाले. "डॉक्टर, मी माझी सही परत घेतो."

"पण खरं आहे ते. तुम्ही तिथंच होता."

"होतो ना. चांगलं खेळले. दोनदा खांबाला लागला," बेकरीवाले म्हणाले. "तुम्ही सामना पाहिला तरी होता का? बसा खुर्चीत."

हां हां म्हणता बाबा स्वतःच्याच खुर्चीत बसले होते आणि पोस्टमन काका छडी घेऊन तक्त्यापाशी उभे होते. बाबांनी पहिल्या ओळीपासून छापखान्यापर्यंत सगळं धडाधड वाचलं.

सगळे विचारात पडले. मग बेकरीवाले म्हणाले, "पाठ आहे त्यांना."

हे सगळ्यांना पटलं. आई आतून हसल्याचा आवाज आला, मशीन चालू असूनही.

आठवडाभर बाबा रेडिओशी मीठ-पोळीपुरतं बोलले. रविवारी दुपारी तिनं आपणहून विचारलं नाही, नुसती दाराशी बूट घालून उभी राहिली. बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "उशीर होतोय," आणि मैदानापर्यंत बरोबर चालले.

जागा तीच. मागच्या रांगेत थर्मास उघडल्याचा आवाज. सातव्या मिनिटाला आपला स्ट्रायकर चेंडू घेऊन निघाला. चेंडू समोरच्या गोलजवळ आला, आणि बाबांनी डोळे मिटले.

"हं," ते म्हणाले. "सांग."

रेडिओ त्यांच्याकडे वळली. "खरं सांगू?"

"खरं लिहायला मागे बाई आहेत. तू आपलं सांग. फक्त खांब जरा कमी घाल."

रेडिओनं तोंड उघडलं. त्याच क्षणी स्ट्रायकरनं डोळे मिटून मारावा तसा चेंडू मारला आणि साऱ्या मैदानभर आवाज घुमला: टण्ण.

मागच्या रांगेत पेन्सिल थबकली. रेडिओनं बाबांकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, पुन्हा बाबांकडे पाहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला काय बोलावं ते सुचेना.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. डोळ्यांभोवती एकही सुरकुती नव्हती.

"वारा आज आपल्याकडचा दिसतोय," ते म्हणाले.