मोटरमधला दुसरा आवाज

बारक्याची इलेक्ट्रिक सायकल कण्हायला लागली तेव्हा घरात आधीच एक जण कण्हत होता, त्यामुळे सुरुवातीला कोणाच्या ते लक्षातच आलं नाही. आलं ते त्या कण्हणाऱ्याच्याच.

हा कण्हणारा म्हणजे दादा, बारक्याचा थोरला भाऊ. जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळून पुन्हा फिरत्या करण्यात त्याचा जन्म गेला होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि आत काय बिनसलंय ते सांगायचा. आता त्याच्या छातीला कान लावून डॉक्टरांनी सांगितलं होतं की इथे दुरुस्तीचं काम उरलेलं नाही, फार तर काही आठवडे. तळमजल्यावरच्या खोलीत खिडकीशी त्याची खाट टाकली होती.

बारक्या वरच्या मजल्यावर एकटा राहायचा. नावाला बारक्या, बाकी टक्कल पडून जमाना झाला होता. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं नाजूक काम तो करायचा, पण मन त्याहून नाजूक. डॉक्टरांचं बोलणं ऐकल्यापासून तो दादाच्या खोलीत गेला नव्हता. संध्याकाळी सायकल लावायची, जिन्यातच वहिनींना "दादा कसाय?" विचारायचं आणि त्यांचं "तसेच" तोंडातून बाहेर पडायच्या आत वर पसार व्हायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. बारक्याच्या पाठी त्याची सायकलच लागली.

"ए बारक्या!" एका संध्याकाळी खिडकीतून हाक आली. "तुझी मोटर काय म्हणतेय?"

"काही नाही रे दादा. जुनी झालीय."

"जुना मी झालोय. ती खुर्र-खुर्र करतेय. आत ये."

आता आजारी माणसाला नाही कोण म्हणणार? बारक्या आत गेला आणि औषधांच्या बाटल्यांकडे बघत उभा राहिला. दादाने त्याची उलटतपासणी सुरू केली. आवाज चढावर येतो की उतारावर? गाडी थंड असताना की तापल्यावर? पॅडल मारताना की नुसत्या मोटरवर?

"मी... ऐकलंच नाही नीट."

"कान कशाला दिलेत देवाने, चष्मा अडकवायला? जा, गल्लीत फिरवून आण. आणि चेनकडे बघत बसू नकोस, चेन साफ आहे. दोष मोटरीत आहे."

मग रोज तेच. बारक्या खिडकीखालून सायकल नेई, वळवी, परत आणी. "पॅडल नको! नुसती मोटर!" "आता मोटर बंद कर आणि ढकल!" असे हुकूम सुटत. भावाच्या दुखण्याने याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं गल्लीचं मत पडलं. पण दादा उशीला टेकून बसायला लागला. "आज दोन घास जास्त गेले हो भाऊजी," वहिनी म्हणाल्या. बारक्याही खाटेच्या कडेवर टेकायला शिकला, आधी अर्धा, मग पुरता.

आणि एके दिवशी सायकलचा आवाज आपोआप बंद झाला.

"बरी झाली वाटतं," दादा म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या रात्री तो जेवला नाही. बारक्या वर येरझाऱ्या घालत राहिला. सायकल बरी झाली म्हणून रडकुंडीला आलेला माणूस बहुधा तो पहिलाच. शेवटी सकाळी त्याने चष्म्याची एक तुटकी काडी घेतली आणि मडगार्डच्या दांडीला अशी बांधली की ती चाकाच्या तारांना हळूच लागावी. चाक फिरवलं. टक-टक-टक. बारक्याला हायसं वाटलं.

संध्याकाळी तो ऐटीत खिडकीखालून गेला. दादाने मान उचलली, डोळे मिटले आणि त्याचा चेहरा पडला.

"बारक्या, दोन आवाज आहेत."

"दोन?"

"एक खुर्र, एक टक. खुर्रचं सोड. ही टक नवीन आहे."

टक त्याची स्वतःची होती, तिची चिंता नव्हती. पण मग ही खुर्र परत कुठून आली? म्हणजे मोटर खरंच गेली! तो म्हणाला, "टकचं काही नाही दादा, खुर्रचं बघ."

"मी सांगतोय खुर्रने काही होत नाही! टक वाईट. आतला गिअर तुटत असणार. भर रस्त्यात चाक जाम झालं, तर माझ्याआधी नंबर लावशील! मोटरीसकट चाक काढ आणि आण इकडे."

"उद्या दुकानात..."

"आत्ता!"

चाक काढायच्या घाईत बारक्याने काडी सोडवून खिशात घातली. खाटेवर वर्तमानपत्रं पसरली गेली. दादाचे हात थरथरत होते, म्हणून दादा सांगे आणि बारक्या खोले. स्क्रू निघाले, झाकण निघालं, ग्रीसमध्ये माखलेले गिअर निघाले. दादाने एकेक दात बोटाने चाचपला. सगळे धडधाकट. त्या खोलीत तेवढी एकच वस्तू निरोगी होती.

"काहीच नाही झालेलं," दादा पुटपुटला. "मग टक कुठली?"

तेवढ्यात वहिनी औषध घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं बाई! अहो, मोटर कशाला खोललीत? झाकण चेनच्या कव्हरमध्ये आहे ना!"

"कसलं झाकण?" बारक्याने विचारलं.

"औषधाच्या बाटलीचं. यांनीच टाकायला लावलं होतं. पहिलं रस्त्यात कुठेतरी पडलं, म्हणून काल रात्री दुसरं टाकलं. मला काय ठाऊक तुम्ही..." दादाने डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

बारक्याने खिशातून काडी काढून वर्तमानपत्रावर ठेवली. "टक माझी होती."

दादा हसायला लागला. हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेना. वहिनींनी पाठ धरली, बारक्याने खांदे धरले. त्या खांद्यांत फक्त हाडं उरली आहेत, हे बारक्याला तेव्हा कळलं. खूप वेळाने दादाला श्वास सापडला.

"असं का केलंस?" बारक्याने विचारलं.

"तू येत नव्हतास म्हणून. मेल्यावर येशीलच की सगळ्यांबरोबर. मला आधी हवा होतास."

बारक्याला रडू फुटलं. ग्रीसच्या हातांनी त्याने डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं. "मला भीती वाटते रे."

"मला काय मजा वाटतेय? चल, आवर. मोटर परत जोडून कोण बंद करणार?"

दुसऱ्या संध्याकाळी मोटर बंद करायला बसले, तर एक स्क्रू कमी. वर्तमानपत्रं झटकली, खाटेखाली पाहिलं. स्क्रू नाही.

"एका स्क्रूवाचून काय अडतं?" वहिनी म्हणाल्या.

"एक स्क्रू कमी ठेवून मी जन्मात मोटर बंद केलेली नाही," दादा गरजला, म्हणजे त्याला झेपेल तेवढा.

"मग तुमच्या डब्यात पसाभर पडलेत, त्यातला घ्या."

"त्या मापाचे नाहीत."

"बाजारातही मिळत नाही तसला," बारक्या घाईघाईने म्हणाला. तो बाजारात गेलाच नव्हता.

तेव्हापासून बारक्या बसने कामाला जातो. बसमध्ये उभं राहून शर्टाच्या खिशातला तो स्क्रू चाचपतो. संध्याकाळी येतो तो थेट तळमजल्यावर. दोघे भाऊ वर्तमानपत्र पसरतात, गिअर पुसतात, परत पुसतात आणि हरवलेला स्क्रू शोधतात. हल्ली दादा जास्त बोलत नाही. शोधायची जागा बोटाने दाखवतो आणि बारक्या तिथे वाकून बघतो.

काल असाच तो खाटेखाली वाकला होता. वरून दादाचा आवाज आला. अगदी बारीक, पण स्पष्ट.

"बारक्या, तुझ्या खिशाची शिवण उसवलीय. वहिनीकडून शिवून घे."

बारक्याचा हात छातीवर गेला. "राहू दे रे दादा, उद्या बघू."

"उद्या नको, आत्ता. काहीतरी पडेल आणि उगाच सापडेल."