अमेरिकेच्या बाटलीचा दसरा

रिकाम्या बाटलीची किंमत कळाय अक्कल लागती, आन ती आख्ख्या फलटण तालुक्यात फकस्त माझ्याकडं हाय! महाबळेश्वरला सायबांच्या बंगल्यामागचे उकिरडे उपसून मी व्हिस्कीच्या जुन्या बाटल्या गोळा केल्यात. लोक म्हणत्यात, हवालदार हंबीरराव पेन्शनीत आला आन भंगारवाला झाला. म्हणू द्यात.

पर सगळ्यांत मानाची ती अमेरिकेची बाटली. तांबूस काच, वाकडी मान, काचंत बुडबुडं. मोठ्या लढाईत इटलीला आमच्या शेजारी अमेरिकन पलटण व्हती. तिथला एक गोरा माझ्या जोडीदाराचा, धुळाचा, दोस्त झाला. धुळा कवठे महांकाळचा, मेंढरांमागं वाढलेला. गोऱ्याचा आज्जा घोड्यावरनं गुरं हाकीत रानोमाळ हिंडलेला, आन बाटली त्याच्या खोगिरातली. दोघांना एकमेकाची भाषा येत नव्हती, पर जनावरं हाकायची आरोळी येत व्हती. तेवढ्यावर जमलं. जाताना गोऱ्यानं घोटभर ठिवून बाटली धुळाला दिली. तो घोट आमी दोघांनी मिळून पिला.

धुळानं ती लय वर्सं संभाळली आन पेन्शनीवर निघताना माझ्या हातात ठिवली. "वास तेवढा जप, गड्या. म्हातारपणी संगं हुंगू."

तवापास्नं भेट न्हाई. हितं ऊस, तिकडं दुष्काळ, सवड कुणाला? मी आपला अधनंमधनं बूच काढून हुंगायचा. डोळं मिटलं की धुळा शेजारी बसल्यागत वाटायचं. लय आठवण यायची बगा.

आन औंदा निरोप आला, दसऱ्याला धुळा येतुय.

आता घट बसायच्या आदी आमच्यात दसरा काढत्यात. म्हंजी वाकळंपास्नं डब्यापतोर घरातलं समदं ओढ्यावर नेऊन धुवायचं. मी कारखान्यावर गेल्तो. येऊन बगतो तर फळीवर बाटल्या लखलखीत, बायकोनं उलट्या घातलेल्या.

"अंजना, अमेरिकेची धुतलीस?"

"दोनदा. राखंनं आन रिठ्यानं. मेली घाण मारत व्हती. पावणं यायचं, बरं दिसतं का?"

मी हुंगलं. नुसता रिठा.

मग काय, चोरून दारूची भट्टी लावणाऱ्या गुंडाभाऊकडं गेलो. "दोन थेंब दे रं."

"दोन थेंबानं काय हुतंय, हवालदार? आख्खी बाटली न्या."

"प्यायला न्हाई, वासाला पायजे."

दिवस मावळायच्या आत गावभर झालं, हवालदार बाटलीत बुडाला! भजनातलं आप्पासो तुळशीची माळ घिऊन दारात हजर. "आवं हंबीरराव, अजून येळ गेल्याली न्हाई." अंजनानं तर बोलणंच टाकलं.

दसऱ्याला धुळा आला. सोनं दिलं, गळ्यात पडला, घोंगड्यावर बसला. मी बाटली म्होरं केली. त्यानं बूच काढून लांबलचक वास घेतला.

"कुणाच्या भट्टीची रं?" धुळा म्हणला.

मी धुण्याचं समदं सांगितलं. तो हसत सुटला. "आमच्या कारभारणीनं, बनुबाईनं, पैल्याच दसऱ्याला धुतली व्हती. तुला दिली तवाबी तिच्यात आमच्या गावच्या बिराप्पाच्या भट्टीचीच व्हती."

"म्हंजी इतकी वर्सं मी..."

"कवठ्याची हातभट्टी हुंगत व्हतास."

"मग एवढ्या लांबनं आलास कशाला?"

धुळानं बूच लावलं. "वास काय, कुठंबी मिळतुय. तुझ्याबिगर हुंगाय मन घेत न्हाई, हंबीर."

मी बाटली त्याच्या हातातनं घिऊन फळीवर ठिवली. तेवढ्यात चुलीम्होरनं अंजना बोलली, "पुढल्या दसऱ्यालाबी या, भावजी. मी परत धुऊन ठिवते."