एकालाही वगळायचं नाही

विमानातले दिवे मंद झाले तशी माया म्हणाली, "बाबा, आता ही तुमच्या ताब्यात. मला झोपू द्या."

तिचं म्हणणं रास्त होतं. जर्मनीत उतरल्या उतरल्या तिची नोकरीची मुलाखत होती. त्या नोकरीसाठी तिनं रात्रीचा दिवस केला होता, आणि मुलाखतीत जांभया देऊन भागणार नव्हतं. नात मैत्रेयी आजोबांशिवाय झोपत नाही, म्हणूनच तर शंकररावांचं तिकीट काढलं होतं. "अंबरनाथच्या कारखान्यात सगळी पाळी सांभाळली मी," ते निघताना म्हणाले होते. "एक पोर झोपवायला कितीसा वेळ लागतोय?"

मायानं पांघरूण ओढलं आणि ती झोपलीसुद्धा.

आता बदलापूरला, हेंद्रेपाड्याच्या त्यांच्या घरात एक नियम होता, आणि तो शंकररावांनीच घातलेला होता. दिवे मालवले की घरातल्या प्रत्येकाला जयभीम करायचा, समोरच्याचा जयभीम परत आला की पुढच्याकडे जायचं आणि सगळ्यांचं झालं की झोपायचं. "लहानपणीच वळण लागलेलं बरं," ते सांगत. "एकालाही वगळायचं नाही." माया याच नियमात वाढली होती. घरात माणसं मोजकी, त्यामुळे नियम कुणाला जड गेला नव्हता.

मैत्रेयी सीटवर उभी राहिली. दिवे मालवलेले होते, माणसं पांघरुणं घेऊन आडवी होत होती. म्हणजे हे घरच होतं, फक्त जरा मोठं. तिनं खिडकीजवळच्या माणसाला हात जोडले. "जयभीम."

तो उल्हासनगरचा कापडाचा व्यापारी निघाला, जितेश नावाचा. "जयभीम बेटा, जयभीम. अपने मार्केट में तो रोज का है," तो खुशीत म्हणाला.

"झालं. आता झोपायचं," शंकरराव म्हणाले.

"बाकीचे?" मैत्रेयीनं विचारलं.

"बाकीचे उद्या."

"आजोबा, वगळायचं नाही ना?" तिनं ओठ काढला. आता भोकाड पसरणार आणि माया उठणार हे शंकररावांनी ओळखलं. ते मुकाट्यानं उठले आणि नातीच्या मागून चालू लागले. एका गोऱ्या आजीबाईंनी "जे बीम" म्हटलं, ते मान्य झालं. एका तरुणानं कानातली बोंडं काढून उत्तर दिलं. डोळ्यांवर पट्टी बांधून झोपलेल्या एका गृहस्थांना गुडघ्यावर थोपटून उठवण्यात आलं. प्रत्येकाची माफी मागण्याचं काम शंकररावांकडे होतं आणि ते त्यांनी गंभीरपणे केलं.

"काका, जागेवर बसून घ्या ना," हवाईसुंदरी म्हणाली. तिच्या छातीवर 'सई' अशी पट्टी होती.

"जयभीम," मैत्रेयी म्हणाली.

"जयभीम गं," सई म्हणाली आणि बाजूला झाली.

मग ते चष्मेवाले गृहस्थ आले. मांडीवर मराठी वर्तमानपत्र, शेजारी पत्नी.

"जयभीम."

"नमस्कार, बाळ," गृहस्थ म्हणाले.

हा नमस्कार शंकररावांच्या ओळखीचा होता. कारखान्यातल्या साहेबांकडून तो त्यांना रोज मिळायचा, आणि तेही रोज तोच परत द्यायचे. आपल्या माणसांत जयभीम, साहेबांसमोर नमस्कार, अशी त्यांची सारी नोकरी पार पडली होती. त्यांनी नातीचा हात धरला. "चल पुढं."

नात हलली नाही. "जयभीम," ती पुन्हा म्हणाली आणि वाट बघत उभी राहिली. गृहस्थांनी वर्तमानपत्राची घडी मोडली, पुन्हा घातली. आसपासच्या रांगा बघू लागल्या.

"अहो, म्हणा की," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "लेकरू झोपायचं थांबलंय."

"जयभीम," गृहस्थ पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," मैत्रेयी म्हणाली.

गृहस्थांनी घसा साफ केला आणि चांगलं खणखणीत "जयभीम" म्हटलं. एव्हाना जागं झालेलं अर्धं विमान त्यांच्यामागून तेच म्हणालं. मैत्रेयीनं मान डोलावली. सगळ्यांचं एकदमच झालं होतं. ती आपण होऊन मागं फिरली.

शंकररावांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तोच ती म्हणाली, "आई राहिली."

जिच्या झोपेसाठी एवढा खटाटोप केला, ती माया तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. शंकररावांनी काही करायच्या आत मैत्रेयी तिच्या कानाशी वाकली. "आई, जयभीम."

"जयभीम, बाळा," माया डोळेही न उघडता म्हणाली आणि कुशीवर वळली. लहानपणापासूनचं वळण होतं ते. मैत्रेयी आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून लगेच झोपली. शंकररावांना लेकीचं इतकं कौतुक वाटलं की त्यांचे डोळे भरून आले.

थोड्या वेळानं कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. तेच चष्मेवाले गृहस्थ होते.

"मघाशी तुम्हाला म्हणायचं राहूनच गेलं," ते हळू आवाजात म्हणाले. "जयभीम, साहेब."

"नमस्कार, नमस्कार," शंकरराव म्हणाले.

गृहस्थ हसले आणि जागेवर गेले. मग शंकररावांनी जीभ चावली. नोकरी सुटून वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. त्यांनी नातीचं डोकं अलगद उचलून जितेशनं पुढं केलेल्या उशीवर ठेवलं, चपला शोधल्या आणि ते अंधारात चाचपडत निघाले.

वाटेत सई आडवी आली. "काका, आता कोण राहिलं?"

"मी," शंकरराव म्हणाले.