बंद दारामागची टकटक

फक्त एका रविवारपुरतं, असं स्वतःला बजावून एव्झेन लोउदानं घरातल्या कॉम्प्युटरचा स्क्रीन जुन्या दुलईत गुंडाळला आणि इमारतीच्या तळघरात नेऊन ठेवला. बायकोला सांगितलं, "दुरुस्तीला दिलाय." (खोटं बोलायचं तर लहान वाक्यात बोलावं, हे त्याला सरकारी नोकरीनं शिकवलं होतं. लांब वाक्य पकडलं जातं.)

स्क्रीनच्या जागी, म्हणजे जेवणाच्या टेबलावर, आता टेलिप्रिंटर बसला होता. करड्या रंगाचा, शेगडीएवढा, आणि वजनाला असा की चौथ्या मजल्यावर आणताना लिफ्टनं मध्येच थांबून विचार केला होता. एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनातून एव्झेननं तो भंगाराच्या भावात घेतला आणि अख्खा हिवाळा त्याला घरातल्याच, साबणाच्या वडीएवढ्या कॉम्प्युटरशी जोडण्यात घालवला. इंटरनेटवर कोणा जर्मन गृहस्थांनी त्याची कृती लिहून ठेवली होती. कॉम्प्युटर जे काही म्हणेल ते हा टेलिप्रिंटर कागदावर ठोकून दाखवी, आणि इकडून जे ठोकावं ते कॉम्प्युटरला पोचे. छोटी अक्षरं त्याला येत नसत. चेक अक्षरांवरच्या टोप्या आणि रेघाही तो गाळून टाकी, त्यामुळे मजकूर काना-मात्रा नसलेल्या पोथीसारखा दिसे. पण चाले.

हा खटाटोप कशासाठी, ते ब्लाझेनाला, म्हणजे त्याच्या बायकोला, ठाऊक होतं आणि पसंत नव्हतं.

दोघांची नोकरी एके काळी इथलीच, चेक देशातल्या याब्लोनेत्स गावातली, काचेचे मणी परदेशी पाठवणाऱ्या सरकारी कंपनीत. एव्झेन रवानगी खात्यात कारकून, ब्लाझेना टेलेक्सच्या खोलीत, अशाच टेलिप्रिंटरवरून परदेशी निरोप धाडायला. त्या काळी परदेशाशी बोलणारी खोली म्हणजे देवाचा गाभारा. दार कायम बंद. कारकुनांनी भिंतीतल्या छोट्या खिडकीतून मजकुराची चिठ्ठी आत सरकवायची आणि पोच मिळेपर्यंत बाहेर उभं राहायचं. तसा उभा असताना एव्झेननं आतली टकटक ऐकली होती. एकसारखी, कुठे न अडखळणारी, परातीत कोणी मणी ओतत राहावेत तशी. "लाल मणी, बारीक, हॅम्बुर्गला रवाना" या वाक्यात संगीत असेल असं त्याला तोवर वाटलं नव्हतं. तो डोळे मिटून ऐकायचा. पुढे त्या खिडकीत ब्लाझेनाचा चेहरा दिसला, पण तोपर्यंत निकाल लागून गेला होता. चेहरा वाईट असता तरी त्यानं लग्न केलं असतं. (तो चांगला निघाला, ही कंपनीची भेट.)

लग्न झालं, राड्का जन्मली, ब्लाझेनाची बदली हिशेब खात्यात झाली आणि ती टकटक एव्झेनच्या आयुष्यातून गेली. आता म्हातारपणी एकच इच्छा उरली होती. ती पुन्हा एकदा ऐकायची. ब्लाझेनाच्या हातची, तशाच यंत्रावर.

"मी हात लावणार नाही," ब्लाझेनानं यंत्र आलं त्याच दिवशी सांगितलं होतं. "माझा उजवा कान त्या खोलीत गेला. डावा तुझ्यासाठी ठेवलाय, तेवढ्यात भागव."

त्यानं विनवून पाहिलं, रुसून पाहिलं. शेवटी रविवार निवडला. दर रविवारी दुपारी नॉर्वेहून राड्का कॉम्प्युटरवर भेटायची आणि नातीचं, तिल्डाचं, दर्शन घडवायची. त्यात या रविवारी तिल्डाचा वाढदिवस. स्क्रीन नसला म्हणजे ब्लाझेनाला टेलिप्रिंटरवरून बोलण्यावाचून गत्यंतर राहणार नव्हतं.

"वाढदिवसाच्या दिवशीच कसा बिघडला?" दुपारी बाबोव्का केक कापता कापता ब्लाझेनानं विचारलं.

"यंत्राला काय कळतं?"

"तिल्डा मेणबत्त्या विझवणार, आणि मी काय बघायचं?"

"बघता नाही येणार. पण लिहिता येईल. तू इकडून लिहायचं, तिकडे राड्का वाचणार. मी सगळं जोडून ठेवलंय."

ब्लाझेनानं यंत्राकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. दोघांकडे एकाच नजरेनं. "बरं. मी सांगते, तू ठोक."

हे उत्तर एव्झेननं धरलेलंच होतं. त्यानं उजवा हात वर केला. तर्जनीला पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. "बोट चेपलंय."

"नाश्त्याला तर बरं होतं."

"नाश्त्यानंतर चेपलं."

ब्लाझेना पुढे काही बोलणार, तेवढ्यात टेलिप्रिंटर आपणहून सुरू झाला.

झालं असं, की त्या साबणाच्या वडीला नेमकं त्याच घडीला स्वतःला अद्ययावत करून घ्यावंसं वाटलं. आजकालच्या कॉम्प्युटरना अशी लहर येते. काम किती झालं ते तो टक्क्यांत दाखवतो. स्क्रीनवर असतं तर एका कोपऱ्यात एक टक्का, दोन टक्के, तीन टक्के असा आकडा गुपचूप बदलत राहिला असता. कागदावरचं पुसता येत नाही. म्हणून टेलिप्रिंटर दर वेळी ओळीच्या सुरुवातीला परत यायचा आणि आधीच्या आकड्याच्या डोक्यावरच नवा आकडा हाणायचा. ठाण, खर्र, ठाण. थोड्या वेळात तिथे काळा डाग पडला. मग डागाचं भोक झालं. मग कागदाखालच्या रुळावर थेट घणाचे घाव बसू लागले आणि टेबलावरचा केक थरथरायला लागला.

"थांबव ते."

"थांबवता येत नाही. मध्येच बंद केलं तर कॉम्प्युटर कायमचा जाईल."

"किती वेळ चालणार आहे?"

"ते तो आकड्यात सांगतोय ना."

"आकडा कुठाय?"

एव्झेननं वाकून पाहिलं. "भोकात."

दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरचे क्रुपिच्का घरातल्या सपातांवरच वर आले होते. माणूस सभ्य, दंतवैद्याच्या दवाखान्यात जन्म घालवलेला, त्यामुळे दुसऱ्याच्या वेदनेबद्दल फार बोलत नसे. आज मात्र बोलले.

"लोउदासाहेब, वर चांभार बसवलाय का? नाही, बसवा हो, पण आमचं झुंबर हलतंय. बायको त्याच्याखाली बसायला तयार नाही आणि दुसरी खुर्ची माझी आहे." मग त्यांनी बगलेतलं गाठोडं पुढे केलं. "आणि हे घ्या. तळघरात आमच्या बटाट्यांच्या पेटीवर होतं. बाई, दुलई तुमची आहे हे मी लगेच ओळखलं. तुम्ही गच्चीत वाळत घालता ना. आत काहीतरी कॉम्प्युटरचं दिसतंय. असं उघड्यावर ठेवू नका, दिवस वाईट आहेत."

ठाण, खर्र, ठाण. ब्लाझेनानं दुलईचं टोक उचलून आत पाहिलं.

"या ना, क्रुपिच्का, बसा," ब्लाझेना म्हणाली. "केक घ्या. आमच्याकडे दुरुस्तीचा माल आला की तोंड गोड करतात. दुकानदार घरपोच देतो आणि दुलई फुकट."

क्रुपिच्कांना काही कळलं नाही, पण केक कळला. ते बसले.

एव्झेननं खाली मान घालून स्क्रीन जोडला. स्क्रीन काळाच राहिला. हिवाळाभर खपून त्यानं कॉम्प्युटरचा सगळा बोलव्यवहार टेलिप्रिंटरकडे वळवला होता. तो परत कसा वळवायचा हे जर्मन गृहस्थांनी लिहिलंच नव्हतं. (ते विधुर असावेत.)

"म्हणजे आज मला ती दिसणार नाही," ब्लाझेना म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर एव्झेनला सोपं गेलं असतं. आपण मागितली होती थोडी टकटक, आणि त्यासाठी घेतल्या एका आजीच्या मेणबत्त्या, हे त्याला तेव्हा कुठे उमगलं. डोळे मिटून ऐकण्याच्या सवयीचा हा तोटा. समोरचं माणूस दिसत नाही.

एकाएकी घणाघात थांबला. कागद चार ओळी पुढे सरकला, यंत्रातली छोटी घंटा किणकिणली आणि अक्षरं उमटली. क्रुपिच्कांनी चष्मा चढवून मोठ्यानं वाचलं, "आई आहेस का. चित्र दिसत नाही. तिल्डा केकसमोर बसली आहे."

ब्लाझेनानं नवऱ्याचा हात ओढला आणि बोटावरची पट्टी सोडवली. बोट गुलाबी, टवटवीत.

"हेही दुरुस्त होऊन आलं," ती म्हणाली. "सरक."

आणि ती यंत्रासमोर बसली.

एव्झेन भिंतीला टेकून उभा राहिला. लाज वाटत होती, तरी डोळे आपोआप मिटले. कान टवकारले गेले.

टक.

बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टक. मग खुर्ची करकरली, ब्लाझेना पुटपुटली, "हे अक्षर कुठे लपवलंय," आणि टक.

हात तापायला वेळ लागतो, एव्झेननं मनाशी म्हटलं. गवईसुद्धा आधी खाकरतो. टक. टक. हे खाकरणं फार लांबलं. त्यानं हळूच एक डोळा उघडला. ब्लाझेना दोन बोटांनी, शेतातल्या कोंबडीसारखी, दाणा शोधून टिपत होती.

घंटा वाजली. क्रुपिच्का वाचू लागले, "बाबा तुम्ही उठा. आईला बसू द्या. केकवर मेण सांडतंय."

ब्लाझेनानं शोधून शोधून लिहिलं, "आईच आहे."

मग राड्का लिहू लागली आणि यंत्र सपासप चालू लागलं. गाणं म्हटलं. आता फुंकतेय. दोन विझल्या. तिसरीवर थुंकी उडाली. ती पण विझली. माझा ड्रेस भिजला. तिल्डा विचारतेय आजी हसली का.

"हसली म्हणून सांगा," क्रुपिच्का म्हणाले. त्यांचंच नाक लाल झालं होतं.

एव्झेननं भीत भीत राड्काला कळवायला सांगितलं, की घंटेची एक खूण आहे, ती पाठवली की इथे घंटा वाजते. ते कळवेपर्यंत क्रुपिच्कांचा दुसरा तुकडा संपला. पण मग घंटा वाजली. पुन्हा वाजली. तिकडे नॉर्वेत, बर्गनमध्ये, एक लहान बोट एका बटणावर पडत होतं आणि याब्लोनेत्समध्ये चौथ्या मजल्यावर आजीच्या हाताखाली किण किण होत होतं. ब्लाझेनानं डावा कान यंत्राला लावला आणि ती तशीच वाकून राहिली. मध्येच एक अक्षर ठोकायची, कुठलंही. तिकडून लगेच घंटा यायची. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं आणि संभाषण जोरात चाललं होतं.

शेवटी तिल्डाला झोप आली. क्रुपिच्का केकचा एक तुकडा झुंबराखाली न बसलेल्या बायकोसाठी घेऊन गेले. ब्लाझेनानं कागद फाडून घेतला, भोकाचा भाग कापून टाकला आणि उरलेला पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"स्क्रीनवर हे राहिलं नसतं," एव्झेन म्हणाला.

"तू बोलू नकोस."

पण कारकुनाचं मन, अर्धवट राहिलेली नोंद झोपू देत नाही. "तुझा सराव मात्र पार गेला."

"कसला सराव?"

"टायपिंगचा. तेव्हा किती भराभर करायचीस."

"मी? मी पहिल्यापासून दोन बोटांचीच."

"अगं, मी दाराबाहेर उभं राहून ऐकायचो. एक टक चुकत नव्हती."

ब्लाझेनानं चष्मा काढला. तिला आधी नीट कळेना, मग कळलं. "अरे, ती छिद्रांची पट्टी. परदेशी लाइनचे पैसे मिनिटावर. मी चाचपडत बसले असते तर कंपनी बुडाली असती. आम्ही मजकूर आधी वेगळ्या यंत्रावर, सावकाश, कागदी पट्टीवर छिद्रं पाडून घ्यायचो. चुका नीट करायचो. मग लाइन लागली की पट्टी यंत्रात घालायची. ते आपलं आपण धडाधड वाजवायचं. ते तू ऐकायचास."

एव्झेन खुर्चीवर बसला. पट्टीबद्दल त्यानं हिवाळाभर वाचलं होतं, चित्रंही पाहिली होती. पण प्रेमात पडलेला माणूस वाचतो ते सगळं दुसऱ्यांबद्दल असतं. इतकी वर्षं मनाच्या कप्प्यात जपलेली ती टकटक कोणा बाईची नव्हतीच. लोखंडाची होती.

"आणि ती चालू असताना तू काय करायचीस?"

"पाव खायचे. नाहीतर खिडकीतून बघायचे. तू डोळे मिटून उभा असायचास. माझ्याबरोबर काम करणारी स्देन्का म्हणायची, हा बिचारा उभ्यानं झोपतो, घरी कोणी नसणार." तिनं कागदाची घडी केली. "मला दया आली. म्हटलं, इतका शांत माणूस, हा घरात काही उपद्व्याप करायचा नाही."

दोघंही टेलिप्रिंटरकडे पाहत बसली. बाहेर ट्राम वळणावर किंचाळली आणि गेली. दोघांनीही चुकीच्या माहितीवर सह्या केल्या होत्या, आणि तक्रार करायची मुदत केव्हाच टळली होती.

"चल," ब्लाझेना उठली. "उचल तुझ्या पहिल्या बायकोला. जेवायला टेबल मोकळं हवं."

पहिली बायको जड होती. एव्झेनला एकट्याला जागची हलेना. तेव्हा दुसरीनं पलीकडून हात लावला आणि म्हणाली, "उचलताना तरी डोळे उघडे ठेव."