गॅलरीतून मेंढ्या वळणारे केळुसकर

केळुसकर कोणतंही दार जसं सापडेल तसंच मागे सोडतात. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या व्हिलात चार कुटुंबं भाड्याने राहतात. जिन्याचं दार उघडं राहून एसीचा गारवा बाहेर जातो, यावरून होणाऱ्या बहुतेक वादांच्या मुळाशी केळुसकर असतात. एकदा माझ्या मुलीनेच त्यांना अडवलं.

"अंकल, यू लेफ्ट द डोर ओपन."

"मी आलो तेव्हा ते ओपनच होतं, बाळा. कुणीतरी विचार करूनच ठेवलं असणार. मेंढ्यांचं पाणी पलीकडे असतं."

मुलीने वाकून पाहिलं. पलीकडे चपलांचा रॅक होता.

केळुसकर मूळचे वेंगुर्ल्याचे. पत्नी वैशाली वहिनी डॉक्टर. ऑस्ट्रेलियातल्या एका आडगावात वहिनींना नोकरी मिळाली, तेव्हा दोघं तिकडे गेले आणि मेंढ्यांच्या एका फार्मवर घर घेऊन राहिले. वहिनी पेशंट बघत, केळुसकर मेंढ्या. पुढे पुण्यात वहिनींच्या आई अंथरुणाला खिळल्या. त्यांच्यापासून तीन तासांच्या विमानावर असावं, म्हणून वहिनींनी अबुधाबीची नोकरी घेतली. केळुसकर सोबत आले आणि फार्मवरच्या सवयीही आल्या. फाटक सापडेल तसंच सोडायचं, ही त्यातलीच एक.

ते बूट झटकल्याशिवाय पाय घालत नाहीत. आत कोळी असू शकतो. सप्टेंबरात ते सायकलचं हेल्मेट घालून चालायला जातात. हेल्मेटवर प्लास्टिकच्या केबल टायचे काटे उभे केलेले असतात. तिकडे त्या महिन्यात पक्षी पिल्लांच्या राखणीसाठी माणसांच्या डोक्यावर झडप घालतात. इथल्या साळुंक्या त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. सूर्यास्ताला हायवेवर ते गाडी हळू करतात. मागचे ट्रक हॉर्न वाजवत राहतात.

"अहो, चला ना," वहिनी म्हणतात.

"ही कांगारूंची वेळ आहे."

"इथे फार तर उंट येईल. आणि त्याच्या आधी दंड येईल."

केळुसकरांचं खरं दुखणं मात्र वेगळं. त्यांची चिंगी तिकडे राहिली. चिंगी ही मेंढ्या वळणारी कुत्री, तांबूस, उभ्या कानांची. येताना त्यांनी तिला शेजारचा शेतकरी ग्रॅहम याच्याकडे ठेवलं, काही महिन्यांपुरतं. महिने वाढत गेले. चिंगीला इथे आणायचं, एवढी एकच गोष्ट केळुसकरांना हवी होती.

तोवर शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल असे. तिकडे तेव्हा दुपार कललेली असते. ग्रॅहम फोन कुंपणाच्या खांबावर टेकवायचा, आवाज स्पीकरवर टाकायचा आणि केळुसकर दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीतून मेंढ्या वळायचे. चिंगी शिकली ती मराठीतच.

"डावीकडून ये, चिंगे. डावीकडून. हळू. हळू म्हटलं ना? आता बस."

हे सगळं रानात पोचेल अशा आवाजात चाले. तळमजल्यावरच्या मल्याळी कुटुंबाची बराच काळ समजूत होती की, केळुसकर दर शनिवारी बायकोला ओरडतात. वहिनींनी एकदा मुद्दाम खाली जाऊन खुलासा केला. "मी त्या वेळी ड्युटीवर असते," त्या म्हणाल्या. "माझ्याशी इतकं सविस्तर ते बोलत नाहीत."

चिंगीच्या येण्यात पहिली अडचण घरमालकाची होती. अबू राशिद भाडेकरारावर बोट ठेवून म्हणाले, "हबीबी, डॉग नहीं. खलास." केळुसकरांनी वाद घातला नाही. त्यांनी मोबाइल काढून चिंगीचा व्हिडिओ दाखवला. अबू राशिद यांच्या स्वतःच्या शेतावर शेळ्या-मेंढ्या आहेत. त्यांनी तो उभ्यानेच दोनदा पाहिला.

"सब एक कुत्ता करता है?"

"एकटी करती है."

"मेरे पास तीन आदमी हैं, फिर भी बकरी रोड पे." ते थोडं थांबले. "कितने में देगा?"

"बेचना नहीं है. लाना है."

परवानगी मिळाली. अट एवढीच की, चिंगीने सुटीच्या दिवशी अबू राशिद यांच्या शेतावर यायचं.

केळुसकर कामाला लागले. लसी, रक्ताची तपासणी, विमान कंपनीचे नियम. चिंगीला विमानातून आणायची पेटी ग्रॅहमकडे पोचली. उन्हाळ्यात जनावरं आणता येत नाहीत, म्हणून थंडीची वाट पाहायची ठरली. गॅलरीत त्यांनी सावलीचं कापड बांधलं. दिसेल त्याला ते ती जागा दाखवत.

थंडी आली. अबू राशिद यांनी जिन्यात विचारलं, "कुत्ता कब आएगा?"

"इन्शाल्ला," केळुसकर म्हणाले आणि वर गेले.

शनिवारचा आवाजही बंद झाला होता. आपल्याला शांतता मिळाली, एवढंच सगळ्यांच्या लक्षात आलं.

एका शनिवारी मी त्यांची शिडी परत द्यायला गेलो. वहिनी घरीच होत्या, त्यांनी दार उघडलं. केळुसकर गॅलरीत बसले होते, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलेला. पडद्यावर ट्रॅक्टर होता आणि त्याच्या सावलीत चिंगी पडली होती. तोंडाभोवती पांढरी झालेली.

"तुमचा माइक बंद आहे," मी म्हणालो.

"मीच केलाय."

त्यांनी फोन बाटलीला नीट टेकवला.

"ग्रॅहम मला सांगत नव्हता. त्याच्या बायकोने सांगितलं. माझा आवाज ऐकला, की कॉल संपल्यावर ही मला शोधते. शेडमध्ये, टाकीमागे, सगळीकडे. मग माझी गाडी उभी असायची तिथे जाऊन बसते. दोन-दोन दिवस खात नाही."

"मग आणा ना इकडे. सगळं तयार आहे."

"तिकडचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, या वयात विमान झेपेल की नाही सांगता येत नाही. आणि झेपलं तरी..." त्यांनी कापडाखालची जागा दाखवली. तिथे दोन खुर्च्या मावत होत्या. "तिकडे तिला मी नाही, बाकी सगळं आहे. इथे फक्त मी. मी पेटी परत करायला सांगितली."

"अबू राशिदना सांगितलंत?"

"त्यांना सांगवत नाही."

पडद्यावर चिंगीचे पुढचे पाय झोपेत हलले. वारा असावा, ट्रॅक्टरवरचं पोतं फडफडत होतं. आतून वहिनींनी मोठ्याने विचारलं, चहा किती कप टाकू.

माइक बंदच होता. तरीही केळुसकरांनी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं.