खरं सांगणारा मीटर

जबलपूरहून उत्तर येईनासं झालं, तेव्हा सोनीबाईला आधी बरंच वाटलं. फौजेत तारा पाठवायचं काम करून फुलसावंगीजवळच्या तांड्यावर परतलेला लालसिंग दर रविवारी स्वतः बांधलेल्या बिनतारी सेटवरून जबलपूरच्या भीमराज नावाच्या जुन्या सोबत्याशी तासन्‌तास टकटक करायचा. बायकोशी बोलायचं म्हटलं की नुसतं हूं. पण भीमराजचं उत्तर थांबलं आणि नवऱ्याच्या घशाखाली भाकर उतरेना.

बाकीची स्टेशनं सेटवर ऐकू येत होती. म्हणजे आपलं पाठवायचं यंत्रच बिघडलं, असं लालसिंगानं ठरवून टाकलं. दुसऱ्या कोणाला विचारायचं त्याला सुचलं नाही. किंवा सुचलं आणि नको वाटलं.

"नागपूरले जा अन् लागते ते घेऊन या," शेवटी सोनीबाईच म्हणाली.

नागपूरच्या दुकानदारानं सिग्नल जनरेटर दाखवला, ऑसिलोस्कोपचं कौतुक केलं. लालसिंग एकेक मीटर एकाच बॅटरीला लावून बघत बसला. काही मीटर दर वेळी वेगळाच आकडा सांगत.

"मोठं यंत्र नको, सायब. मले खरं सांगणारा मीटर पाह्यजे."

शेवटी एक जड काळा मीटर पसंत पडला. तो मांडीवर घेऊन स्वारी तांड्यावर आली.

मीटर चालतो का ते बघायला त्यानं दोन्ही तारा बायकोच्या हातात दिल्या. कणीक भिजवलेल्या ओल्या हातांनी सुई धावली. शेजारच्या रुपीबाईनं ते पाहिलं, आणि जीव मोजायचं फौजी यंत्र आल्याची बातमी तांडाभर झाली. दारात रांग लागली. म्हाताऱ्या रामलालनं तारा धरल्या, पण सुई ढिम्म हलेना. झालं! त्याच्या सुनांनी एकमेकींच्या गळ्यात पडून मयताचं रडणं सुरात सुरू केलं.

"अवो, मी जित्ता हाओ ना," रामलाल म्हणाला.

"मंग सुई काहून हलत नाही?" रुपीबाईनं विचारलं.

"त्यायच्या हाताले घट्टे पडले, चामडं कोरडं हाये. हात ओले करा," लालसिंग म्हणाला.

रामलालनं तळहातांवर थुंकी लावली, सुई हलली आणि गूळ वाटला गेला. ही जत्रा लालसिंगानं खुशाल चालू दिली. खरं म्हणजे सेट उघडायची त्यालाच घाई नव्हती.

रविवारी मात्र उघडला. तार न्‌ तार तपासली. बिघाड कुठेच नव्हता. धीर करून त्यानं साद घातली, भीमराजची खबर विचारली, तर नागपूरच्या एका हौशी सेटवाल्यानं लगेच उत्तर दिलं: तुमची टकटक अगदी स्वच्छ येते आहे. भीमराज मागच्या महिन्यात वारले.

लालसिंग डोळे पुसत बसून राहिला. मीटरच्या तारा उचलून सोनीबाईनं त्याच्या ओल्या हातात दिल्या. सुई धावली.

"हलली," ती म्हणाली. "उठा, भाकर खा."

"अन् आता रविवारी?"

"त्यायले सांगत होते, ते मले सांगजा."